आपोआप उघडणारं शटर

"चोर कोन ते मला ठाऊक हाय. तुमी फक्त देवीचा मुखवटा काढून द्या."

खुर्चीवर टेकायच्या आधीच गोजराबाईंनी हे सांगून टाकलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, गाळ्याच्या माळ्यावर तेजश्रीचं ऑफिस होतं. खाली ट्रकातून सळया उतरत होत्या, पण त्या खणखणाटालाही गोजराबाईंचा आवाज पुरून उरला.

तेजश्री खाजगी तपासाची कामं करायची. कोपऱ्यात तिचे सासरे हौसेराव चहा फुंकून पीत बसले होते. साताऱ्याकडचे, निवृत्त हवालदार. सुनेबरोबर हिंडायची त्यांना भारी हौस.

"चोर ठाऊक आहे तर पोलिसांत जा ना, काकी," तेजश्री म्हणाली.

"पोलीस येतील त्यांच्या सवडीनं. सांजच्याला पालखी हाय. बिनतोंडाची देवी मिरवू काय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. द्रोणागिरीजवळच्या गावात त्यांचा बंगला. यंदा गावदेवीचा मान त्यांच्या घराकडे, म्हणून चांदीचा मुखवटा त्यांच्या ताब्यात. त्यातच मुलानं, कुंदननं, नवी विजेवरची गाडी घेतली. गोजराबाईंनी ठरवलं, गाडीत पहिली बसेल ती देवी. दारात आणून लावली तेवढीच, आता तोवर घरातल्या कोणी आत पाय ठेवायचा नाही. काल संध्याकाळी गॅरेजात पूजा झाली. चाकांखाली लिंबं दाबली, गाडीपुढे पाटावर मुखवटा मांडला. सकाळी मुखवटा गेलेला, आणि शटर सताड उघडं.

"आणि चोर?"

"शिवा. आमचा डायवर. गाडीच्या दोन चाव्या, एक कुंदनकडं, एक त्याच्याकडं. आणि आमची गाडी शटर आपोआप उघडते. वरचे पैसे भरून बसवलंय ते!" एवढ्या दुःखातही त्यांची मान ताठ झाली. "म्हंजे शटर त्याच्याच हातात की नाय?"

हौसेरावांनी मान डोलावली. "सरळ हाय."

"आज आरतीला देवीपुढं भंडारा उचलायला लावनार त्याला," गोजराबाई म्हणाल्या. "सगळ्या आळीत सांगितलंय मी. भंडारा उचलून जो खोटं बोलेल त्याचं घर बसतं. आणि नाय उचलला, तर गावात त्याला कोनी पानी विचारनार नाय."

"पुरावा नसताना सांगितलंत?"

"अंगनात उभं करून सांगितलं. त्याच्या आयशीदेखत."

तेजश्रीनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पर्स उचलली.

बंगल्याच्या दारात कुंदन उभा होता. पाहुणे बघून त्याचा चेहरा पडला.

"आई, बाहेरची माणसं कशाला? उगाच टेन्शन. शिवानं घेतला असेल तर आणून देईल ना गुपचूप."

"गुपचूप? देवी काय गुपचूप आलेली आपल्याकडं?"

गॅरेज बंगल्याला लागूनच होतं. आत निळीशार गाडी, गळ्यात झेंडूचा हार. स्वयंपाकघरातून गॅरेजात यायला एक दार, त्याची कडी घराच्या बाजूनं.

"सकाळी ही कडी लावलेलीच होती," गोजराबाई म्हणाल्या. "चोर बाहेरूनच आला."

"शटर उघडायला काय काय आहे?"

"एक हा." त्यांनी कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यातला छोटा रिमोट दाखवला. "रातभर उशीखाली असतो. दुसरी ही गाडी."

"रिमोट एकच दिला शटरवाल्यानं?"

"दोन होते," कुंदन म्हणाला. "माझा खाडीत पडला. बांधावर वाकलो आणि खिशातून घसरला."

हौसेराव गाडीभोवती फिरत होते. "इंजिन बघू की जरा. विजेचं म्हंजे आत असतंय तरी काय?"

"हात लावू नका, काका! हाय व्होल्टेज आहे. झटका बसेल."

हौसेरावांनी हात असा मागे घेतला, जणू झटका बसलाच.

तेजश्रीनं आधी सुनेला बोलावलं. भाविका खाली मान घालून आली. सासूसमोर ती नेहमीच खाली मान घालायची.

"सकाळी पहिल्यांदा कोण आलं इथं?"

"मीच. दिवा विझला का बघायला. शटर उघडं, मुखवटा नाही, पाट नाही. ओरडले. मग सगळे धावत आले."

"आणि लिंबं?"

भाविकानं सासूकडे पाहिलं. "चिरडलेली होती. मी झाडून काढली. गाडीखाली सोडायची नसतात ना तशी."

"चोराच्या पायाखाली आली असतील," गोजराबाई तोडून म्हणाल्या. "तुला सांगितलं होतं, मला विचारल्याबिगर झाडू मारू नको. पर नाय. या बाईला झाडू दिसला की अक्कल सुटते."

हौसेराव तेजश्रीच्या कानाशी लागले. "पाट कशाला नेला असंल गं चोरानं?"

"मुखवटा त्यावर ठेवून नेला," गोजराबाईंनीच उत्तर दिलं. त्यांचे कान तिखट होते. "देवीला हातानं धरायला भ्याला असंल मेला."

तेजश्री हसली नाही. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, प्रश्न चांगला विचारलात."

मग ती गाडीकडे वळली. "काकी, ही गाडी शटर उघडते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?"

"मीच काय, आख्ख्या आळीनं! ट्रकावरून उतरवली तिठ्यावर. तिथून कुंदननं एकट्यानं चालवत आनली. गेटातून आत आली आणि शटर आपोआप वर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नणंद राजनंदिनी, तिची तर बोलतीच बंद. तिला परत बघायचं होतं, तर शिवाला म्हनलं, बाहेर काढ, परत आन. ते येडं गाडी घेऊन उभंच. शटर ढिम्म. बटनं दाबतो, कपाळावर घाम. मग कुंदन गेला, खिडकीपाशी उभा राहिला, म्हनला असं दाब रे. तवा कुठं उघडलं. एवढं हसले लोक त्याला!"

"तुम्हीपण?"

"मी म्हनलं, बैलगाडी हाकायची औलाद, हिला काय बटनं कळनार."

शिवा आला तो आईबरोबर. भिमाबाई गेटाबाहेरच थांबली. कधी काळी मिठागरात गोजराबाईंच्या शेजारी तिनं डोक्यावर मीठ वाहिलं होतं. आज तिनं गोजराबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिवाचे डोळे सुजले होते. "ताई, मी भंडारा उचलेन. मला भ्या नाय देवीचं. पर लोक म्हनतील, उचलायची पाळी तर आली ना याच्यावर. पोरीचं लगीन जमवायचंय मला."

"रात्री कुठे होतास?"

"घरीच. आयेला विचारा."

"आयशीची साक्ष!" गोजराबाई फिस्कारल्या.

"मामा," तेजश्री म्हणाली, "तुम्ही कुंदनभाऊंना घेऊन देवळात जा. मुखवटा नेहमी कुठे ठेवतात ते बघून या."

कुंदनला जायचं नव्हतं हे दिसतच होतं. पण हौसेरावांनी त्याच्या खांद्यावर हवालदाराचा हात ठेवला आणि तो गेला.

ते कोपऱ्यावरून वळल्यावर तेजश्रीनं रिमोटनं शटर खाली केलं. शिवाला गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसली. गोजराबाई आत बसणार नव्हत्या. देवीआधी त्या कशा बसतील? त्या गाडीच्या दाराशी उभ्या राहून पाहत राहिल्या. शिवा बोटांनी समोरचा टचस्क्रीनचा पडदा चाचपत होता. तेजश्रीनं एका ओळीवर बोट ठेवून काहीतरी वाचलं. गोजराबाईंना अक्षरं लागायची नाहीत, पण त्या ओळीपुढचं चित्र दिसलं. छोटंसं कुलूप. दाराचं कुलूप दाखवत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं.

शटर ढिम्म राहिलं.

"बघा," गोजराबाई म्हणाल्या, "अजून नाय जमत त्याला. नाटकी कुठला."

तेजश्री खाली उतरली. आता तिचा चेहरा वेगळा दिसत होता. गोजराबाईंना उगाचच वाटलं, ही पोरगी आपली कीव करतेय. कीव त्यांना कधी खपली नव्हती.

"कुंदनभाऊ आले की सगळ्यांना इथेच बोलवा. भिमाबाईंनाही."

सगळे गॅरेजात उभे राहिले. भिमाबाई शटरच्या रेषेबाहेर.

"पाटापासून सुरुवात करू," तेजश्री म्हणाली. "चांदी चोरणारा माणूस लाकडी पाट काखेत मारून पळत नाही. पाट गेला, कारण पाटावर काहीतरी दिसलं असतं."

"काय दिसलं असतं?" हौसेरावांनी विचारलं.

"सांगते. लिंबं चाकांखाली दाबलेली होती. माणसाच्या पायाखाली यायला ती आधी चाकाखालून बाहेर यायला हवीत. ती चिरडली, म्हणजे गाडी हलली. रात्री कोणीतरी गाडी बाहेर नेली आणि परत आणली. या गाडीला आवाज नाही. शेजारच्या खोलीतसुद्धा कळलं नसतं."

"मंग शिवानंच नेली!" हौसेराव म्हणाले. "चावी त्याच्याकडं."

"चावी गाडीची, मामा. शटर कशानं उघडलं? काकींचा रिमोट उशीखाली. आतल्या दाराला कडी. शिवा बाहेर. तुम्ही सगळे म्हणता, गाडी शटर उघडते." तेजश्रीनं गाडीवर हात ठेवला. "ही गाडी शटर उघडत नाही."

"अगं, आख्ख्या आळीनं..."

"शटर उघडायची सोय या गाडीत वेगळे पैसे भरले तर मिळते. पडद्यावर त्या ओळीपुढे कुलूप आहे, काकी. खाली लिहिलंय, ही सोय घेतलेली नाही. शिवा बटण शोधत राहिला, कारण बटण नव्हतंच. तो वेडा नव्हता आणि नाटकीही नव्हता."

शटरकडे बोट दाखवून ती पुढे म्हणाली,

"तरी त्या दिवशी शटर दोनदा उघडलं. पहिल्यांदा गाडीत कुंदनभाऊ एकटे. दुसऱ्यांदा आत शिवा होता तेव्हा उघडलं नाही. कुंदनभाऊ खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा उघडलं. म्हणजे उघडत होती ती गाडी नव्हती. उघडत होता खाडीत पडलेला रिमोट."

गोजराबाईंनी मुलाकडे पाहिलं. कुंदनचा हात नकळत खिशाकडे गेला होता.

"रात्री कुंदनभाऊ घरातूनच आले. रिमोटनं शटर उघडलं, गाडी नेली. परत येऊन कडीही त्यांनीच लावली आणि शटर मुद्दाम उघडं ठेवलं. राहिला मुखवटा. मामांना पुढचं झाकण उघडू दिलं नाही. विजेच्या गाडीत पुढे इंजिन नसतं, मामा. या गाडीत तिथे सामान ठेवायची रिकामी पेटी आहे. शिवा, उघड."

झाकण वर झालं. आत टॉवेलात गुंडाळलेला, मधोमध चिरलेला पाट. त्याच्याखाली मुखवटा. एक गाल आणि नाक आत चेपलेलं. चांदीवर टायरची नक्षी उमटली होती.

भाविकानं तोंडावर पदर घेतला.

कुंदन भिंतीला टेकला. "पाट बाजूला सरकवला होता मी. येताना अंधारात विसरलो. एकदाच चालवायची होती गं, आई. आजपासून देवी, आत्या, सगळं गाव बसणार. मला एकदा एकट्याला बंदराकडच्या कंटेनरच्या रस्त्यानं जाऊन यायचं होतं."

"आणि ते शटरचं?" गोजराबाईंनी विचारलं.

"तू आत्याला आधीच सांगून बसलीस. शोरूमवाला म्हणाला, बुकिंगच्या वेळीच घ्यायला हवं होतं. आता नाही होणार. वरचे पैसे तसेच आहेत माझ्याकडे. मी घरी येऊन नाही कसं सांगणार होतो? तुला नाही म्हटलेलं कुणाला जमलंय आजवर?"

गोजराबाईंनी चेपलेला मुखवटा उचलून पदरात घेतला. पोरानं देवीच्या तोंडावर चाक घातलं, त्याची लाज होतीच. पण त्याहून मोठी लाज समोर उभी होती. आईला सांगण्यापेक्षा त्याला दुसऱ्याच्या पोराला चोर होऊ देणं सोपं वाटलं होतं.

"शिवा भंडारा उचलनार होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू बघत राहनार होतास?"

कुंदननं मान खाली घातली. तेच उत्तर होतं.

"हे गावाला कळलंच पाहिजे असं नाही," हौसेराव हळूच म्हणाले. "सोनाराकडनं गुपचूप..."

"मामा," तेजश्री म्हणाली.

"तुमी मुखवटा काढून द्यायला आला होता," गोजराबाई तेजश्रीला म्हणाल्या. "दिलात. आता जा. पुढं बघायला थांबू नका."

देवळापुढे ढोल थांबले होते. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढे मांडलं होतं आणि लोक शिवाची वाट बघत होते. गोजराबाई पायी आल्या. मागून कुंदन. त्यांनी पदरातला मुखवटा काढून पायरीवर ठेवला, आणि चेपलेला गाल लोकांच्या बाजूला राहील असा ठेवला.

"शिवानं काय घेतलं नाय," त्या म्हणाल्या. आवाज पार मागपर्यंत गेला, पण तो त्यांचा नेहमीचा नव्हता. "माझ्या पोरानं गाडीखाली घातला. आणि मी नीट न बघता याच्यावर आळ घेतला. त्याच्या आयशीदेखत. भंडारा उचलायचा तर मी उचलते."

गर्दीत कुजबुज झाली. राजनंदिनी बाजूच्या बाईला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. गोजराबाईंनी ते ऐकून घेतलं.

त्या शिवासमोर गेल्या. "शिवा, मला माफ कर रे."

शिवानं आधी आईकडे पाहिलं. मग त्यानं खिशातून गाडीची चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"काकी, तुमी सगळ्यांसमोर बोललात, बरं झालं. पोरीचं जमंल आता." तो एक पाऊल मागे सरला. "पर गाडीला दुसरा मानूस बघा."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गोजराबाईंना त्याला उत्तर देता आलं असतं.

पुजाऱ्यानं मुखवट्याच्या जागी नारळ बसवला आणि पालखी उचलली. मानाच्या घराची बाई पालखीच्या पुढे चालते. लोक वाट सोडून उभे राहिले, पण गोजराबाई पुढे गेल्या नाहीत. पालखी गेली, पुरुष गेले, बायका गेल्या. शेवटी भिमाबाई निघाली, तशा त्या तिच्याही मागून चालू लागल्या.

भिमाबाईनं एकदाही वळून पाहिलं नाही.