कोल्हदऱ्यातली गदा

नेकनूरच्या वरच्या डोंगरात, कोल्हदऱ्याच्या कड्यात एक जनावर गाडलेलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, झाडपाला खाऊन जगणारं, पाठीवर हाडांच्या ढाली वागवणारं. त्या चिलखती डायनासोरच्या शेपटीचा गोळा आज खडकातून सोडवायचा, एवढ्याचसाठी मार्चच्या उन्हात तिघं जण कड्यावर येऊन थांबले होते.

पौर्णिमा बीडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. त्रिंबक सर तिचे गुरू, आता निवृत्त झालेले. तिच्या हातात पहिला हातोडा त्यांनीच दिला होता. पुढच्या शिक्षणाला घरून नको म्हणाले, तेव्हा तिच्या वडिलांना समजवायला ते तीनदा घरी आले होते. तिसरा धुळाजी मेंढपाळ. कड्याच्या पायथ्याशी पडलेली पहिली ढाल त्यालाच सापडली होती.

"म्हंजी कासवच की हे," दोर सोडताना धुळाजी म्हणाला. "वाघ-बिघ आला तर पळत न्हाई व्हय?"

"पळणार कसं मामा? पाय आखूड!" पौर्णिमा हसली. "शिकारी आला की पोट जमिनीला चिकटवायचं. मऊ जागा तेवढीच. वरून कितीही चावा, दातच मोडणार. तरी हटला नाही, तर शेपटीची गदा फिरवायची. एका तडाख्यात पायाचं हाड खलास!"

"लई बेरकी हाय की! बरं, हळू उतरा बाई. दगड सुटा हाय. अन् त्या मोहळापाशी आवाज करू नगा."

तीस फूट खाली, दोन काळ्या खडकांच्या मधे राखाडी मातीचा पट्टा होता आणि त्यापुढे जेमतेम खाटेएवढी कपार. उजवीकडे, हाताच्या अंतरापलीकडे, आग्या मोहोळ लटकत होतं. चार दिवस पौर्णिमा तिथे श्वास रोखल्यासारखी काम करत होती. ढालींच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. आज छिन्नीचा शेवटचा घाव बसला आणि भोपळ्याएवढा दगडी गोळा तिच्या मांडीवर आला.

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. गोळा पोत्यात घालून तिने दोराला बांधला.

"सर, ओढा!"

पोतं हळूहळू वर गेलं. "शाब्बास, पौर्णिमा!" वरून सरांचा आवाज आला. मग, "धुळाजी, पाणी संपलंय. खालच्या गावच्या विहिरीवरून घेऊन ये बरं."

ती दोराची वाट बघत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"सर, दोर सोडा ना!"

आणि मग दोर आला. सगळाच्या सगळा! सळसळत कपारीत वेटोळी घालत पडला आणि त्याचं टोक थेट मोहळावर आदळलं.

काळा ढग फुटला! पळायला जागा नव्हती. पौर्णिमा तशीच ढालींशेजारी खणलेल्या चरात पालथी पडली. पोट मातीला, तोंड मातीत, हात पोटाखाली. शेजारचं धुळीचं गोणपाट तिने मान आणि पाठीवर ओढून घेतलं. हलायचं नाही! घोट्यांना डंख बसले. कानामागे आग पेटली. ती हलली नाही.

त्या गुणगुणाटातून तिला सरांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आधी तिला वाटलं, सर मदत आणायला निघाले. आवाज दूर गेला. मग तिच्या लक्षात आलं, की दोर धावड्याच्या बुंध्याला दुहेरी गाठ मारून बांधलेला होता. ती गाठ आपोआप सुटणारी नव्हती. डंखांपेक्षा ते जास्त झोंबलं.

ऊन कलल्यावर माश्या शांत झाल्या. वरून हाक आली.

"बाई! ओ बाई! मी पाणी आणाया गेलतो. जीप कुठं गेली? तुमी खाली कावून हाय अजून?"

"मामा, दोर खाली पडलाय. मोठ्यानं बोलू नका!"

धुळाजीने डोक्याचा पटका सोडला. तो पुरेना. त्याला घोंगडी जोडली आणि कड्यावर आडवा पडून हात लांबवला. घोंगडीचं टोक हलत हलत कपारीशी आलं. पौर्णिमाने मातीने माखलेल्या बोटांनी दोर त्याला बांधला. दोर वर गेला, बुंध्याला आवळला गेला, आणि ती चढू लागली. एकदा पाय निसटला! गुडघा खडकावर आपटला. तिने दात आवळले. शेवटी धुळाजीने मनगट धरून तिला वर ओढलं.

तिची पिशवी, फोन, सगळं जीपमधून गेलं होतं. धुळाजीच्या फोनवरून तिने सरांना फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"सर, मी."

मग सरांनी विचारलं, "तू... तू वर कशी आलीस?"

बरी आहेस का, असं नाही. वर कशी आलीस! तिने फोन बंद केला आणि तिथेच गुडघ्यांत डोकं घालून रडली. धुळाजी तिच्या घोट्यातले माश्यांचे काटे काढत बसला.

आठ दिवसांनी तिच्या पत्रावरून भूगर्भ खात्याचे अधिकारी आले. सरांनी तोवर गोळा आपल्याला पाली गावाकडच्या नाल्यात सापडल्याचं जाहीर केलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांनाही गोळ्यासकट बोलावून घेतलं. एका अधिकाऱ्यासोबत कपारीत उतरून पौर्णिमाने तो खडकातल्या तुटक्या शेपटीला लावला. केसाचीही फट उरली नाही!

"कुठल्या नाल्यात म्हणालात?" वर येऊन त्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

सरांनी मान खाली घातली. पौर्णिमा वर आल्यावर ते तिच्याजवळ आले. "तीस वर्षं दगड फोडले गं. माझ्या नावावर एक हाड नाही. मी माणसं पाठवणारच होतो, पौर्णिमा."

"मागितलं असतं तर दिलं असतं, सर. पहिलं नाव तुमचंच घालणार होते मी."

ते जीपकडे चालू लागले. हाक मारावी असं तिला एकदा वाटलं. तिने मारली नाही.

खाली चौतीस ढाली अजून अर्ध्या मातीत होत्या.

"उतरायचं का, बाई?" धुळाजीने विचारलं.

"चला," ती म्हणाली, आणि कड्यावरून खाली उतरू लागली.