शेजीचा विस्तव

"पोटात पाणी, तरी तहान भागत नाही. आगीत पडला तर जळत नाही, फुलतो. असा कोण?"

जुईनं हे कोडं यंत्रमानवाला घातलं, तेव्हा तो भट्टीच्या दारात उभा होता आणि गल्लीतलं मांजर त्याच्या उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या पावलावर निवांत बसलं होतं.

"भाजणीचा तांदूळ," यंत्रमानव म्हणाला. "दाण्याच्या आत थोडा ओलावा असतो. दाणा तापल्या वाळूत पडला की त्या ओलाव्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते. ती दाण्याला आतून ढकलते आणि दाण्याचा चुरमुरा होतो."

"ह्याला सगळं येतंय," जुईची आई स्नेहल चाळण हलवत म्हणाली. "चहा तेवढा घेत नाही. चहा न घेणाऱ्याचा भरवसा काय धरायचा, सांगा पारखीभाऊ?"

त्याचं नाव पारखी. सरकारच्या हरित भट्टी निधीनं त्याला गडहिंग्लजच्या भट्टी गल्लीत मोजणीला पाठवलं होतं. एके काळी ह्या गल्लीत सगळ्या घरांतून चुरमुरे, फुटाणे, लाह्या भाजल्या जात. भट्ट्यांत भुसा जळे, टायरसुद्धा जळत. पोरं खोकत मोठी होत. मग सरकारनं धूर बंद केला. धूर गेला ते बरंच झालं. पण धुराबरोबर एकेक भट्टीही विझली, आणि माणसं गावाबाहेरच्या कारखान्यात पुड्या भरायला गेली.

स्नेहल गेली नाही. तिनं पोलादाची एक उंच टाकी करून घेतली आणि तिच्यात भट्टीतली वाळू भरली. छपरावर भाड्यानं आणलेले सोलर पॅनेल बसवले. निधीनं अर्धे पैसे आधी दिले होते. उरलेले आजच्या मोजणीनंतर मिळायचे. मिळाले तर पॅनेल स्नेहलचे होणार होते. नाही मिळाले तर पॅनेलवाला ते उतरवून नेणार आणि स्नेहलही पुड्या भरायला जाणार. जुईला हे कुणी सांगितलं नव्हतं. आई हल्ली चाळण हलवताना गाणं म्हणत नव्हती, त्यावरून तिनं ओळखलं होतं.

"मला एक कळत नाही," जुई म्हणाली. "रात्री ऊन नसतं. मग पहाटे आमची कढई तापते कशी?"

पारखीनं टाकीवर हात ठेवला. "दिवसा पॅनेलच्या विजेनं आतल्या तारा तापतात आणि तारांमुळे वाळू तापते. पाणी तापवत गेलं तर उकळून उडून जातं. वाळू वितळतही नाही, उडूनही जात नाही. म्हणून ती पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापवता येते. भोवती उष्णतारोधक (ऊब बाहेर जाऊ न देणारा) जाड थर आहे. तू थंडीत गोधडी घेतेस, तसा. हा झाला उष्णतासाठा (ऊब जपून ठेवायची कोठी). पहाटे पंखा नळीतून हवा फुंकतो, ती हवा वाळूतून तापून येते आणि कढईखाली जाते."

"आणि सरकार आम्हाला पैसे का देतं? आम्ही काय सरकारच्या नात्यातले?"

स्नेहल हसली. पारखी हसला नाही. त्याला तसं तोंड दिलेलं नव्हतं.

"ह्याला अनुदान (परत न मागता दिलेले पैसे) म्हणतात. तुझ्या आईनं धुराशिवाय भट्टी चालवली, तर स्वच्छ हवा कोणाला मिळते?"

"सगळ्या गल्लीला."

"आणि खर्च?"

"आईला एकटीला."

"शिवाय ही टाकी चालली नसती तर नुकसानही तिचं एकटीचं. चालली तर मात्र बाकीचे बघून शिकतात. फायदा सगळ्यांचा आणि धोका एकीचा, असं असलं की कोणी पहिलं पाऊल टाकत नाही. म्हणून सगळ्यांच्या करातून थोडाथोडा भार उचलायचा."

जुईचे डोळे चमकले. "हे तर आमच्या गल्लीत होतंच की. पहाटे जी पहिली भट्टी पेटवायची, तिच्याकडनं बाकीच्या विस्तव न्यायच्या. म्हणून सगळ्या जणी तिला एकेक ओंजळ भुसा द्यायच्या. आई, ती ओवी म्हण ना."

"आता कसलं गं," स्नेहल म्हणाली. पण चाळण हलता हलता तिच्या तोंडून आलंच:

*शेजीला विस्तव दिला, माझा विस्तव सरेना*
*दोन घरांचा उजेड बाई, एका काडीत मावेना*

पारखीची नजर टाकीमागच्या भिंतीवर गेली. तिथून एक नळी भिंतीपलीकडे जात होती.

"ही नळी आराखड्यात नाही."

स्नेहलची चाळण थांबली.

"ती शेजारच्या तबस्सुमचाचीकडं जाते," जुई चटकन म्हणाली. "त्यांचे फुटाणे आमच्या वाळूवर भाजतात. त्यांचा निधीतला नंबर अजून यायचाय. आमच्याकडं ऊब उरते, मग—"

"मग दिली," स्नेहल म्हणाली. "विस्तव मागितला तर नाही म्हणत्यात होय?"

"नियमात लिहिलं आहे," पारखी सावकाश म्हणाला, "की निधीची ऊब दुसऱ्या धंद्याला द्यायची नाही. काही मोठ्या मंडळींनी अनुदान घेऊन ऊब विकली होती, तेव्हा हा नियम केला. मला खोटं नोंदवता येत नाही."

"पण आम्ही विकत नाही."

"नियमाला फुकट आणि विकत ह्यांतला फरक दिसत नाही." तो थांबला. "मी मोजणी करीन तेव्हा जे असेल, तेच नोंदवीन. छपरावरचं काम मला आधी करायचं आहे."

तो जिना चढून गेला. मांजर उठून निघून गेलं.

तबस्सुमचाची दारातच होती. फुटाण्याची पाटी कमरेवर, पदर खोचलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि नळीच्या झडपेपाशी उभी राहिली. तिचा हात लगेच झडपेवर गेला नाही. तिनं स्नेहलकडं पाहिलं. जुईनंही आईकडं पाहिलं.

आता आई म्हणेल, राहू दे चाची. जुई वाट पाहत होती.

स्नेहल चाळणीतले खडे वेचत राहिली. चाळणीत खडे नव्हते.

"एकीची तरी कढई तापू दे," चाची म्हणाली आणि तिनं झडप फिरवली. नळीतली घरघर बंद झाली. "कच्चे राहिलेले फुटाणे जुईला दे. पोरांना दात असत्यात."

पारखी खाली आला. त्यानं टाकी मोजली, कढई मोजली, नळी बंद असल्याचं पाहिलं. मोजणी उत्तम झाली. शेवटी तो म्हणाला, "टाकीत बरीच ऊब शिल्लक आहे. तिचा उपयोग काय, ह्याची नोंद रिकामी राहते आहे."

"लिहा की मग," जुई म्हणाली. "पहिल्या भट्टीला पैसे देता ते बाकीच्यांना विस्तव मिळावा म्हणून. आणि पहिलीनं विस्तव दिला तर पैसे काढून घेता. मग ती पहिली राहते आणि बाकीच्या उरतच नाहीत. हे लिहा."

"हे मला लिहिता येईल," पारखी म्हणाला. "ते खरं आहे."

त्यानं तिथल्या तिथं पाठवलं. निधीकडून उत्तर लगेच आलं: सूचना मिळाली, पुढच्या वर्षी विचार करू.

पॅनेल स्नेहलचे झाले. तबस्सुमचाची पुढच्या सोमवारपासून कारखान्याच्या गाडीत बसून जाऊ लागली. जाताना ती जुईला हात करायची, स्नेहललाही करायची. स्नेहल तेव्हा हटकून आत काहीतरी शोधत असायची.

दिवाळीआधी गवंडी भिंतीला गिलावा करायला आला. नळी काढल्यावर राहिलेल्या भोकापाशी त्यानं सिमेंटची थापी उचलली.

"ते राहू दे," स्नेहल म्हणाली.

"वारं येईल, वहिनी."

"येऊ दे."

तिनं जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि भोकात कोंबला; हातानं काढता येईल, इतपतच घट्ट. मग जुईला म्हणाली, "पारखी पुढच्या वर्षी मोजणीला कधी येणार, निधीला लिहून विचार गं. आणि त्याला सांग, नळीचं जुईशी नाही, माझ्याशी बोलायला ये."