एकविसावा प्रश्न

तिनं बाइंडिंगच्या दुकानात पाऊल ठेवलं आणि पंख्यानं घात केला. तिच्या प्रबंधाची, चार वर्षांच्या कष्टाची दोनशे दहा पानं खळीच्या भांड्यापासून पुठ्ठ्यांच्या थप्पीपर्यंत उडाली.

"हलू नका, डॉक्टरीणबाई! पायाखाली निष्कर्ष आहे," बाइंडर ओरडला.

"अजून झाले नाहीये डॉक्टर. उद्या शेवटची तारीख आहे..."

तो खाली बसून पानं लावू लागला. पानांचे आकडे न बघता, ओळी वाचून! ती बघतच राहिली. खळ लागलेली ती बोटं तिच्या वाक्यांवरून किती हळुवार फिरत होती...

"'उच्च शिक्षणानं असहिष्णुता कमी होते.'" त्यानं वाचून दाखवलं. "कशावरून?"

"चारशे पदवीधरांना वीस प्रश्न विचारले. वेगळ्या समाजातला शेजारी चालेल का, सहकारी चालेल का... बहुतेक सगळे 'चालेल' म्हणाले."

"शेजारी म्हणून मीही सगळ्यांना चालतो हो," तो हसला. "जावई म्हणून विचारलंत?"

नव्हतं विचारलं. चार वर्षांत ना तिला सुचलं, ना तिच्या मार्गदर्शकांना. आणि या माणसानं जमिनीवर बसल्या बसल्या... तिची कानशिलं तापली.

संध्याकाळी शिवलेला प्रबंध छातीशी धरून ती घरी गेली. बाबा निवृत्त प्राचार्य. तिची प्रश्नावली सर्वांत आधी त्यांनीच भरली होती. वीसच्या वीस 'चालेल'. तिनं त्याच कागदावर खाली एक ओळ वाढवली.

"बाबा, एकविसावा. वेगळ्या समाजातला जावई?"

"चा—" बाबा थांबले. चष्मा काढून पुसला. "कुणी... आहे का?"

"नुसता प्रश्न आहे."

"मग लिही, 'चालेल'."

"आणि नुसता नसेल तर?"

बाबांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

सकाळी तिनं प्रबंध बाइंडरसमोर ठेवला. "उसवा."

"अहो, आज शेवटची तारीख ना?"

"या वर्षाची. चारशे जणांना पुन्हा विचारायचंय. बाबांना सगळ्यांत शेवटी. त्यांनाही एक वर्ष मिळेल."

"पदवी लांबेल."

"लांबू दे. सुरुवात तुमच्यापासून करते. वेगळ्या समाजातली... म्हणजे... मी... चालेन?"

त्यानं पहिला टाका अलगद कापला आणि दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.

"शेजारीण म्हणून?" तो म्हणाला. "अजिबात नाही."