ओपल कुणाला सापडली

गाणं-बजावणं संपलं, बँजो आणि फिडलं पेट्यांत गेली, आणि हर्शेल काकांच्या पडवीत चार-पाच तरुण पोरंपोरी तेवढी मागे राहिली. मे महिन्यातला शेवटचा शनिवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. उद्या डेकोरेशनचा रविवार, म्हणजे सगळं खोरं टेकडीवर आपापल्या थडग्यांना फुलं वाहायला जाणार. कागदी फुलांच्या टोपल्या भिंतीशी तयार होत्या. पडवीच्या टोकाला झुलत्या खुर्चीत काकांचा एक म्हातारा शेजारी टोपी डोळ्यांवर ओढून पडला होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वेड नावाचा पोरगा फोन छातीशी धरून बसला होता. "मला एक गाणारी बाई सापडलीय," तो म्हणाला. "असलं कंट्री गाणं कुठल्या मोठ्या रेडिओवर लागत नाही. नाव नाही सांगणार. सांगितलं की उद्या तुमच्या सगळ्यांच्या फोनवर तीच."

"मग पेटीत घालून कुलूप लाव तिला," रेनी म्हणाली. "आणि किल्ली गळ्यात बांध."

पोरं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी पाइप झाडला.

"कुलूप लावणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "आणि वेड, 'सापडली' हा शब्द जरा जपून वापर. तो दोन्हीकडून लागतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

लॉनी स्टिडम कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करायचा. दऱ्याखोऱ्यांतून पिकअप घेऊन फिरायचा आणि जाईल तिथे कान उघडे ठेवायचा. शहरातल्या रेडिओवर त्याचा भारी राग. "ट्रक, बिअर आणि जीन्स," तो म्हणायचा, "आणि गाणाऱ्याने जन्मात शेण उचललेलं नाही." कोण कुठल्या चर्चच्या तळघरात गातं, कुणाच्या गॅरेजात शुक्रवारी मंडळी जमतात, हे सगळं त्याला पाठ. तुम्ही एखादं नवं नाव घ्या, हा म्हणणार, "तो होय? तो मला केव्हाच सापडलाय." माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या तोंडी ते नाव आलं की त्याच्या पोटात दुखायचं.

एका उन्हाळ्यात तो कोल्डआयर्न खोऱ्यात ओपल नेपियरच्या घरी गेला. मशीनचा पट्टा तुटला होता. लॉनी मशीनच्या मागे पालथा पडलेला, आणि ओपल टेबलाशी बसून शेंगांच्या शिरा काढता काढता गात होती. खाणीत काम करून नवऱ्याच्या छातीत साठलेल्या कोळशाचं गाणं होतं. पट्टा बसवून झाला तरी लॉनी मागून उठला नाही.

"कुणाचं गं हे गाणं?"

"कुणाचं असणार? माझंच."

"अजून आहेत?"

"आधी मशीन झालं का सांग. गाण्यांनी चादरी धुतल्या जात नाहीत."

मशीन झालं, आणि मग तिने गिटार काढली. गिटारीत खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा टाकलेला होता. आपल्याकडे टाकतातच, आत उंदीर शिरत नाही आणि आवाज मोकळा होतो म्हणतात. पण ओपलची एक रीत होती. प्रत्येक गाण्याआधी ती गिटार उभी धरून हलवायची, आत खळखळ वाजलं की कुणाचं तरी नाव घ्यायची. "हे मेरी बेलसाठी." "हे डॉयलच्या आईसाठी." मग गाणं. नाव घेतल्याशिवाय गाणं नाही. पत्त्यावाचून गाणं जाणार कुठे, म्हणायची.

लॉनी दर आठवड्याला जायला लागला. मशीन काही दर आठवड्याला बिघडत नव्हतं. जाताना रेकॉर्डर न्यायचा, मक्याचा ब्रेड खायचा, आणि एक गाणं घेऊन यायचा. असं करत एक कॅसेट भरली. ओपलने त्याच्याकडे दुसरं काही मागितलं नाही, एवढंच मागितलं, "डोंगरापलीकडे ते लहानसं रेडिओ स्टेशन आहे ना, आपल्यातल्या माणसांना वाजवतं ते? तिथे नेऊन दे एवढी. डोंगरापलीकडे ऐकू गेलं म्हणजे माझं झालं."

लॉनी हो म्हणाला. आणि त्याने ती नेली नाही.

आळस नव्हता तो. जळफळाट होता. चर्चच्या जेवणाला ओपल गायली, बायका डोळे पुसायला लागल्या, तेव्हा लॉनी घरी येऊन उपाशी झोपला. खोऱ्याखोऱ्यात वणवण करायची मी, मशीनखाली पाठ मोडून घ्यायची मी, आणि हे सगळे आयत्या बिळावर नागोबा! कॅसेट स्टेशनवर गेली की ओपल सगळ्यांची होणार. मग लॉनीचं काय राहणार? आणि त्यात खुपायचं हे, की त्या अख्ख्या कॅसेटमध्ये ओपलने खोऱ्यातल्या एवढ्या जणांची नावं घेतली होती, पण लॉनीचं नाही.

शेवटी एकदा त्याने विचारलंच. "ओपल, माझं नाव कधी घेशील?"

"ज्या दिवशी कॅसेट पोचेल त्या दिवशी."

ती हसत म्हणाली. तो हसला नाही.

मग तो मोठा पूर आला. ओपल वाचली, पण त्या ओल्या घरात तिची छाती भरली ती भरलीच, आणि हिवाळ्यात गेली. तिच्या भाचीने, टेसाने, पुराने उकललेल्या गिटारीतून तो खुळखुळा काढला आणि मावशीच्या अंगावरच्या एप्रनच्या खिशात ठेवला. शवपेटीचं झाकण लावायला ज्यांनी हात दिला, त्यांत लॉनी होता. खुळखुळा त्याने डोळ्यांनी आत पाहिला.

तिथेच टेसाने विचारलं, "लॉनीकाका, कॅसेट आहे ना तुमच्याकडे?"

"पुरात गेली, बाळा."

आता आपल्याकडे यावर पुढे कोण बोलणार? सगळ्यांचंच काही ना काही पुरात गेलंय. लॉनीचं घर डोंगराच्या उंच धारेवर, तिथे पाण्याचा थेंब चढला नव्हता, पण तेवढं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि मग तो डेकोरेशनच्या आदला शनिवार. असाच, आजच्यासारखा. लॉनी एका ड्रायरची मोटर आणायला शहरात गेला होता. दुकानात टेसा भेटली, हातात फुलं.

"उद्या थडग्यापाशी मावशीचं कोळशाचं गाणं म्हणणार आहे," ती म्हणाली. "पण दुसरं कडवंच आठवत नाही. तुम्ही तर किती वेळा ऐकलंत. सांगता?"

"नाही गं. विसरलो मी."

"एखादी ओळ तरी?"

"नाही."

त्याला ते झोपेतसुद्धा येत होतं. पोरीचा चेहरा पडला, आणि लॉनीला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. तिला येत नाही, मला येतं. रात्री साडेनवाला तो डोंगराच्या रस्त्याला लागला तेव्हा त्याच आनंदात होता. धुकं उतरलं होतं. त्या पट्ट्यात फोन चालत नाही, रेडिओ लागत नाही. त्याने कॅसेट घातली.

खळखळ. "हे मेरी बेलसाठी." गाणं.

खळखळ. "हे डॉयलच्या आईसाठी." गाणं.

लॉनी सोबत गुणगुणत होता. पुढचं नाव त्याला पाठ होतं. पुढे ज्युडसन म्हातारा.

खळखळ. "हे टेसासाठी."

लॉनी गुणगुणायचा थांबला. टेसाचं नाव त्या कॅसेटवर नव्हतं. हजार वेळा ऐकली होती त्याने. कोळशाचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं... आणि ओपल थांबली. नुसती तार वाजत राहिली. जणू पुढचं कुणी सांगेल म्हणून वाट बघत होती.

लॉनीने कॅसेट बाहेर काढली.

गाडीत शांत झालं. इंजिन. धुकं. वळण.

खळखळ.

त्याला वाटलं, साप. खरा साप शिरलाय गाडीत. दुसरं काय वाटणार? त्याने गाडी कडेला घेतली, पाय उचलून सीटवर घेतले. दिवा लावला. खाली काही नाही. मोटरचं खोकं, उद्यासाठी घेतलेली फुलं, पाना.

खळखळ... शेजारच्या सीटवरून.

सीट रिकामी होती. फक्त सीटचा पट्टा लावलेला होता. लॉनीने तो लावला नव्हता. आणि त्या पट्ट्याखाली सीट... थोडी दबलेली होती.

ओल्या मातीचा वास आला.

त्याने दाराचा खटका चाचपला.

मग अगदी हळू, हसत, शेंगांच्या शिरा काढताना बोलायची तसं कुणीतरी म्हणालं,

"लॉनी... सापडलास."



घरी नाही गेला तो. डोंगर उतरून पलीकडे गेला, त्या लहान स्टेशनच्या दाराशी गाडीत बसून राहिला, आणि उजाडल्यावर पहिला माणूस आला त्याच्या हातात कॅसेट ठेवली. म्हणाला, "उशीर झाला. पण वाजवा."

दुपारी त्यांनी ती वाजवली. आम्ही सगळे टेकडीवर थडग्यांपाशी होतो. लॉनीने सांगितलं तशी टेसाने पिकअपची दोन्ही दारं उघडून रेडिओ मोठा केला. लॉनी माझ्या शेजारी उभा होता, दाढी वाढलेली, शर्ट घामाने भिजलेला. एकेक नाव आलं, एकेक गाणं झालं. कोळशाच्या गाण्याचं दुसरं कडवं आलं तेव्हा टेसा मटकन गवतात बसली. शेवटचं गाणं संपलं. आम्हाला वाटलं, झालं.

तेवढ्यात परत खळखळ वाजलं, आणि ओपल म्हणाली, "हे लॉनीसाठी."

आणि ती गायली. नवीनच गाणं होतं, कुणी कधी न ऐकलेलं. कसं होतं म्हणून विचारू नका. बायकांनी हातातली फुलं खाली ठेवली एवढं सांगतो. मला जन्मात कुणाचा हेवा वाटला असेल तर त्या घटकेला लॉनीचा वाटला.

त्याने माझी बाही ओढली. "हर्शेल, काय म्हणाली?"

"तुझं नाव घेतलं की रे."

"ते ऐकलं. मग?"

"मग काय? गातेय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला नुसता खुळखुळा ऐकू येतोय."

काका थांबले. खाली ओढ्यात बेडूक ओरडत होते.

"तेव्हापासून ओपलचं कुठलंच गाणं त्याला ऐकू येत नाही," काका म्हणाले. "बाकी सगळं येतं. पाठ होती तीसुद्धा गेली. स्टेशनवाल्यांनी गाणी उतरवून घेतली आणि कॅसेट परत दिली त्याला. स्क्रू गंजलेले, कधी कुणी उघडलेली नाही. खिशात घालून फिरतो."

वेडने फोन छातीवरून खाली घेतला. "काका... मला सापडलेली बाई..."

"माहितीये मला. लाव."

"आत्ता?"

"सगळ्यांना ऐकू येईल असं लाव."

वेडने लावलं. तार वाजली, आणि ओपल नेपियरचा आवाज पडवीत पसरला. रेनीने वेडचा दंड घट्ट धरला. कोळशाचं गाणं होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

पडवीच्या टोकाची खुर्ची करकरली. म्हाताऱ्याने डोळ्यांवरची टोपी वर केली होती आणि तो त्यांच्या तोंडांकडे बघत होता, एकेकाच्या, पाळीपाळीने.

"लागलं का रे गाणं?" त्याने विचारलं.

"लागलंय, लॉनी," काका म्हणाले.

त्याने मान हलवली. शर्टाच्या खिशातून एक जुनी कॅसेट काढली, कानाशी धरली, आणि हलवली.

आत, बंद कॅसेटच्या आत, खळखळ वाजलं.