प्रमाण कान

मिरजेच्या ध्वनिसंक्षेपण प्रयोगशाळेत दिवंगत गवई भार्गवबुवा केळुसकर कपाटभर होते. त्यांना कर्णिकेत, म्हणजे कानात घालायच्या वाटाण्याएवढ्या यंत्रात बसवायचं काम डॉ. रेवती खानविलकरांकडे आलं होतं. जुन्या पद्धतीनं आकार कमी केला की बुवांचा आवाज पत्र्याचा व्हायचा. दर्जा राखला की दोन रागांपलीकडे काही मावायचं नाही.

“यावर आम्ही स्मृतिसंक्षेपण काढलंय,” त्या स्मारक समितीचे चिटणीस धोंगडे यांना म्हणाल्या. “मेंदू स्वतः जे भरून काढतो, ते फायलीत ठेवायचंच नाही. ओळखीच्या गाण्याची पहिली ओळ कानावर पडली की पुढची आपोआप घुमते ना?”

“माझ्या डोक्यात जाहिरातींच्याच घुमतात.”

“तेच. कर्णिका नुसता इशारा देऊन मेंदूला चेतवते. उरलेलं मेंदूच ऐकवतो, हुबेहूब. किती वगळायचं, ते एका श्रोत्यावरून ठरतं. त्याला प्रमाण कान म्हणतात. हा श्रोता शक्यतो सामान्य घ्यावा.”

“सामान्य?” धोंगडे दुखावले. “अहो, आमच्याकडे पहिली गादी जाणकाराची. इंदुताईंना सोडून दुसऱ्या कोणाला बसवलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही!”

इंदुताई बुवांची मुलगी, वय एक्याऐंशी. आपल्यामागं बाबांचा आवाज राहावा, एवढ्यासाठी त्यांनी घरातल्या झडत चाललेल्या टेपा समितीला देऊन टाकल्या होत्या. रेवतीबाईंनी “पण” म्हणून पाहिलं. समितीच्या सभांत “पण” इतिवृत्तात घेत नाहीत.

ताईंच्या डोक्यावर मेंदूचे संकेत टिपणारी जाळी चढली. दर फेरीला फाइल आकसत गेली.

“आता कसं वाटतंय, ताई?”

“तानपुरासुद्धा स्वच्छ. बाबा समोर बसलेत.”

इतकी लहान फाइल जगात कुणी केली नव्हती. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. जाणकाराची पसंती मिळताच, ठरल्याप्रमाणे, मूळ ध्वनी पुसून जागा मोकळी करण्यात आली. टेपा त्याआधीच, संगणकात उतरवून झाल्यावर, भंगारात गेल्या होत्या.

लोकार्पणाला सगळ्यांनी कर्णिका घातल्या. एक षड्ज लागला. मग काहीच नाही. पहिल्या रांगेत ताई मान डोलवत होत्या, म्हणून सभागृहानंही डोलवली. बराच वेळ डोलवली.

शेवटी धोंगडे कुजबुजले, “माझी बिघडलेली दिसते.”

रेवतीबाईंनी तपासलं. त्यांचा चेहरा उतरला. “फाइल बरोबर आहे. ताईंना जेवढं पाठ, तेवढं वगळलं. त्यांना सगळंच पाठ आहे.”

“म्हणजे आता गाणं कुठंय?”

बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

“मग काढा की त्यांच्या डोक्यातून!”

“चेतवता येतं. काढता येत नाही.”

धोंगडे ताईंच्या गादीशी उकिडवे बसले आणि जे घडलं ते त्यांनी सांगून टाकलं. ताईंनी कर्णिका काढून पदराला पुसली.

“म्हणजे माझ्याबरोबर बाबाही जाणार.”

“छे, छे! तुम्ही रोज थोडं गा, ताई. आम्ही पुन्हा ध्वनिमुद्रित करू. बुवांची मुलगी तुम्ही!”

“मला कुठं येतंय गायला? बाबांनी माझ्या भावांना शिकवलं. ते दोघे पुढं सिमेंटच्या धंद्यात गेले. मला बाबा म्हणाले, पोरीच्या जातीनं ऐकावं. मी ऐकलं.”

त्यांनी कर्णिका पुन्हा कानात घातली.

“सरका जरा. समेवर येतायत.”