अजून हलकं बघ

दादाचा लॅपटॉप बारा वर्षांचा होता. दादा जाऊन वर्ष झालं तरी वहिनींनी तो मोडीत काढला नव्हता. "भाऊजी, मला नुसती प्रुफं तपासायची असतात. नवा कशाला? ह्यालाच काही करता येतं का बघा," त्या म्हणाल्या.

मी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात कॉम्प्युटर सांभाळतो. असल्या म्हाताऱ्या यंत्रांना लिनक्स घालून उभं करणं हा माझा नेहमीचा उद्योग. रविवारी सकाळी अकराला मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. बॅटरी मेलेलीच होती, हार्डडिस्क करकरत होती. दोन्ही काढून बाजूला ठेवल्या. लिनक्समध्ये डेस्कटॉपचे, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीचे, बरेच प्रकार मिळतात. काही नटवे आणि जड, काही साधे आणि हलके. तीन प्रकार मी तीन पेनड्राइव्हवर आणले होते. पेनड्राइव्हवरून चालवलं की बंद करताक्षणी सगळं पुसलं जातं. मागे काही उरत नाही.

पहिला सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. दोन हजार एमबी मेमरीतली एक हजार सातशे बारा वापरात. "गोगलगाय नुसती," मी पुटपुटलो, तेवढ्यात लिहायचं कोरं पान आपोआप उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटली.

जड होतंय.

वहिनी समोर बसून प्रुफं वाचत होत्या; त्यांना दिसलं नाही. मी मराठी कीबोर्ड बसवलाच नव्हता. वायफायही बंद होतं. दादाची जुनी फाइल असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ज्या डिस्कवर ती असायची, ती तर माझ्या कोपराशी पडली होती.

मी दुसरा लावला. ह्याचं सहाशे एमबीत भागायला हवं. आकडा आला एक हजार सातशे बारा. कोण किती जागा घेतंय त्याची यादी उघडून मी बेरीज केली. साडेपाचशे. उरलेली जागा कुणी धरली होती, ते यादीत नव्हतं.

पान उघडलं.

अजून हलकं बघ.

"वहिनी, ह्याच्यात काही दम नाही. मी माझ्याकडचा देतो तुम्हाला." माझाच आवाज मला परका वाटला.

त्या उठून माझ्यामागे आल्या आणि त्यांनी ते वाचलं. मग तिसरा पेनड्राइव्ह उचलून माझ्या हातात दिला.

"लावा."

"वहिनी, ऐका माझं..."

"लावा, भाऊजी. ते काहीतरी मागतायत."

मला नाही म्हणता आलं नाही. माझाही तो भाऊच.

तिसरा अगदी उघडाबोडका होता. खाली एक पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, बाकी राखाडी पडदा. ह्याला दोनशे एमबी पुष्कळ. आकडा तोच होता. पण लॅपटॉप आता सुसाट चालत होता. पंख्याची घरघरही थांबली होती.

आता बसतं.

वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गार होता. "तुम्हीच ना?" त्यांनी पडद्याला विचारलं.

कर्सर लुकलुकत राहिला.

आम्हीच.

दादा जन्मात कधी स्वतःला 'आम्ही' म्हणाला नव्हता.

मी वायर उपटली.

पडदा विझला नाही. बॅटरी नाही, वायर नाही, तरी उजेड तसाच. फक्त आकडा उतरायला लागला. सतराशे. हजार. सहाशे.

खांद्यावरचा हात जड होत गेला.

दोनशे.

पडदा काळा झाला.

"वहिनी?" मला मान वळवायचा धीर होईना.

हात उचलला गेला. "आम्ही जरा पडतो, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "जाताना दार ओढून घ्या."

आतल्या खोलीचं दार लागलं. घरात आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. मी कसेबसे बूट चढवत होतो, तेव्हा आतून वहिनींचा दबका आवाज आला.

त्या एकेकाला सरकून घ्यायला सांगत होत्या.