नावाडिणीचं शेवटचं वाक्य

"थांबा! तिथंच थांबा... आणि मागे फिरा. खालपासून पुन्हा वर या. पण अश्शाच चिडून या हं, शांत होऊ नका!"

जिन्यात उकिडवा बसलेला, कानांवर हेडफोन चढवलेला आणि काठीला बांधलेला माइक पुढे धरलेला एक माणूस आपल्याला हे सांगतोय, यावर तिचा विश्वासच बसेना. ती आली होती भांडायला. लिफ्टच्या देखभालीचे पैसे थकलेले, म्हणून एवढे जिने चढावे लागलेले, आणि चढता चढता भांडणातली सगळी वाक्यं तोंडपाठ झालेली.

"मी का म्हणून खाली जाऊ?"

"आमचा सेनापती चिडून राजवाड्यात शिरतो ना, त्याला पावलंच मिळेनात. आठवडाभर मीच चढतोय, उतरतोय. पण मला मेलं चिडताच येत नाही."

तिला हसू आलं होतं. पण भांडायला निघालेल्या माणसानं वाटेतच हसून चालत नाही. तिनं ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "पावलांचे पैसे कोण देणार? आवाजाचेच अजून मिळाले नाहीत."

तो ताडकन उठला. हेडफोन गळ्यात आला. "नावाडीण! अहो, तुम्ही नावाडीण!"

तर झालं होतं असं. तो जिना ज्या कचेरीकडे जात होता, तिथं व्हिडिओ गेम बनत असत. चालू होता तो एका बुडालेल्या शहराचा गेम. खेळणाऱ्याला होडीतून नेणारी, रागावणारी, समजावणारी जी नावाडीण होती, तिचा आवाज हिचा. रेकॉर्डिंग झालं ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या स्टुडिओत. त्यांचंही भाडं थकलं आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यामुळे गेमवाल्यांपैकी कुणी हिला डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. हा मात्र वर्षभर तिचा एकेक शब्द उचलून गेममध्ये बसवत होता.

"तुमच्या आवाजाला मी रोज भेटतो," तो म्हणाला. "तुम्ही 'नाही' म्हणायच्या आधी एक छोटासा श्वास घेता. माहितीये?"

"नाही," ती म्हणाली. आणि तो श्वास तिला स्वतःलाच ऐकू आला.

त्याला सगळे कानसेन म्हणत. गाता गळा नाही, पण कान असा, की पलीकडच्या खोलीत कोण खरं हसतंय आणि कोण साहेबासाठी, ते बसल्या जागी सांगायचा. त्या दिवशी ती खाली गेली आणि चिडून पुन्हा वर आली. का गेली, ते तिचं तिलाच ठाऊक.

आत दादा भेटले. दादा म्हणजे कंपनीचे मालक. साहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे. "आपण कंपनी नाही गं, कुटुंब आहोत," असं ते पहिल्या वाक्यात सांगत. कुटुंब म्हटलं की एक फार मोठी सोय होते, घरच्यांना पगार द्यावा लागत नाही. इथल्या घरच्यांना तर कित्येक महिने तो दिसला नव्हता.

"शेवटचा प्रसंग तेवढा बोलून टाक," दादा म्हणाले. "मोठी पार्टी येतेय गेम विकत घ्यायला. गेम पुरा झाला की पहिले पैसे तुझे."

"आधी पैसे. मग शेवट."

"अगं, घरात असा हिशेब करतात का?"

"माझ्या घरात करतात," ती म्हणाली. "आई रोज करते."

ती बाहेर आली, तर दाराशी चित्रकार ताई उभी. या ताईनं बुडालेलं शहर रंगवलं होतं. तिनं हिला हात धरून बाजूला नेलं. "बाई गं, आम्ही सगळं देऊन बसलोय. घरं दिली, झाडं दिली, पाणी दिलं. आता रुसून बसलो तर कोण विचारतंय? तुझ्या हातात तेवढं एक वाक्य उरलंय. मरो तो दादा, पण देऊ नकोस हं ते!"

आता मला सांगा, अशा वेळी माणसं नोकरी सोडून का जात नाहीत? तर जो यायचा थांबला, तो 'आपल्या मर्जीनं गेला', आणि त्याची सगळी थकबाकी बुडाली, असा दादांचा कायदा होता. म्हणून सगळे रोज वेळेवर येत आणि बसत. भाड्याचे संगणक एकेक करून परत गेले, थंड हवेचं यंत्र बंद पडलं, चहा बंद झाला. माणसं मात्र जागा राखून बसली. आणि आता त्यांच्यात तीही येऊन बसू लागली. तिला काही यायची सक्ती नव्हती. 'तगादा लावायचाय,' असं ती आईला सांगे.

तगादा ती दादांकडे लावे आणि बसे कानसेनाजवळ. तो कागदाच्या पिशव्या चुरगाळून आग पेटवी, ओलं फडकं बादलीत आपटून वल्हं मारी.

"बघू, मला द्या," ती म्हणे. "नावाडीण मी आहे, वल्हं तुम्ही का मारता?"

"तुम्ही फार हळुवार मारता. या वल्ह्यानं होडी जागची हलायची नाही."

"मग शिकवा ना!"

मग तो शिकवे. दोघांचे हात बादलीत, बाह्या कोपरापर्यंत ओल्या... आणि दोघंही होडीबद्दलच बोलत. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं. ती नुसती खाकरली.

"तुला खरंच पैशाची एवढी गरज आहे?" एकदा त्यानं विचारलं.

"म्हणजे काय! आई म्हणते, आवाजावर पोट भरतं होय? तिला एकदा भरून दाखवायचंय."

"आणि मिळाले की...? यायची बंद होशील?"

तिनं फडकं बादलीत जोरात आपटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की दादांनी एवढ्यात पैसे देऊ नयेत.

नावाडिणीचे श्वास घ्यायचे राहिले होते. वल्हवतानाची धाप, दचकणं, खोकणं. श्वासांना तिची हरकत नव्हती. वाक्य देणार नाही म्हणाली होती, श्वासाबद्दल कुठं काय बोलली होती? कपडे ठेवायच्या फडताळाएवढ्या खोलीत गाद्या लावून त्यानं रेकॉर्डिंगची जागा केली होती. ती आत, तो काचेबाहेर. श्वास झाले. तो म्हणाला, "आता अर्धा मिनिट अगदी गप्प राहा. रिकाम्या खोलीची शांतता लागते मला, दोन श्वासांच्या मधे जोडायला."

गप्प राहणं तिला कधी जमलंय? काचेपलीकडे तो डोळे मिटून, सगळा जीव कानांत आणून बसला होता. एवढं मन लावून तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज आपोआपच निघाला.

"मी रोज ठरवते, उद्यापासून जायचं नाही... आणि रोज येते. आता मला कुणाकडून काही नको रे. तू फक्त थांब म्हण. मी थांबते."

त्यानं डोळे उघडले. हेडफोन काढायचंही विसरला, तसाच वायर ओढत आत आला आणि दारात अडखळला.

"माझी शांतता फुकट घालवलीस," तो म्हणाला.

"मग? आता?"

"आता... थांब."

त्या फडताळात दोन माणसं मावत नव्हती. मावली.

पुढच्याच आठवड्यात आई तापानं फणफणली आणि तिला काही दिवस घरीच राहावं लागलं. ती परत आली, तर कचेरीत केक कापलेला. दादा ज्याला त्याला मिठी मारत होते. "सही झाली! घेतला त्यांनी गेम!"

"पण शेवट?" तिनं विचारलं. "शेवट कुणी केला?"

ताईनं तिला पडद्यासमोर ओढलं. बुडालेलं शहर, संध्याकाळचं पाणी. प्रवासी किनाऱ्यावर उतरला, मागे वळला. नावाडिणीनं वल्हं खाली ठेवलं आणि तिचा, हिचा स्वतःचा, त्या फडताळातला आवाज सगळ्यांसमोर म्हणाला, 'आता मला कुणाकडून काही नको रे. तू फक्त थांब म्हण. मी थांबते.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं डोळे पुसले. "काय म्हणालीयेस गं! काळजातूनच! मघाशी ती पार्टीसुद्धा गप्प झाली ऐकून. कधी दिलंस हे? आम्हाला पत्तासुद्धा नाही."

तिनं कानसेनाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"दादा म्हणाले, पार्टी आजच आली, शेवट नसेल तर उठून जाईल," तो घाईघाईनं सांगू लागला. "म्हणाले, सगळ्यांचे पगार तुझ्या हातात आहेत. ताईला घरमालकानं बाहेर काढायची तयारी केलीय. मी काय करायला हवं होतं? तूच सांग!"

"विचारायला हवं होतंस. फोन होता ना?"

"विचारलं असतं... तर तू आधी तो छोटा श्वास घेतला असतास."

"म्हणजे नाही म्हणणार, हे तुला माहीत होतं. म्हणून विचारलं नाहीस." तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलंच. "अरे, पैशासाठीचं वाक्य मी राखून ठेवलं होतं. ते खुशाल चोरायचंस! हे तुझ्यासाठीचं होतं."

आणि पगार? पार्टीनं दिलेला पहिला हप्ता दादांच्या जुन्या देण्यात गडप झाला. उरलेला यायचा होता, पण तो कुणाचा, यावर दादा बोलत नव्हते. "कुटुंबानं आणखी जरा कळ सोसायला हवी," तेवढं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला कुलूप. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं. कानसेन कुलपासमोर उभा राहिला, आणि कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

मग तिला एक फोन आला. पार्टीची वकीलबाई. दादांनी सगळ्यांच्या सह्या असल्याची थाप मारली होती, पण आवाजाच्या परवानगीवर तिची सही नव्हती. तिच्या सहीशिवाय गेम बाजारात येऊ शकत नव्हता.

"ते शेवटचं वाक्य काढून टाका," ती म्हणाली. "दुसरं लिहिलेलं आहे. फुकट बोलून देते."

"छे हो! त्या वाक्यासाठी तर घेतला आमच्या साहेबांनी," वकीलबाई म्हणाली. "तुमचा आकडा सांगा."

तिनं आकडा सांगितला, पण एकटीचा नाही. दादांना द्यायच्या उरलेल्या हप्त्यातून सगळ्यांची थकबाकी वळती करायची, थेट ज्याच्या त्याच्या खात्यात. ते झालं की सही. वकीलबाई थोडी कुरकुरली, दोनदा फोन धरायला लावून साहेबांना विचारून आली आणि हो म्हणाली.

सहीच्या दिवशी कानसेन वकीलबाईच्या कचेरीच्या दाराशी उभा होता. दाढी वाढलेली.

"नको करूस सही," तो म्हणाला. "माझे पैसे बुडू देत. ते वाक्य माझं आहे... गल्लीबोळात, परक्या घरांत वाजेल ते."

"आणि ताईचे पैसे? तेही बुडू देत?"

तो दारातून बाजूला झाला.

"तुझंच होतं रे," ती म्हणाली. "बाजारात मांडलंस तू. मी फक्त भाव नीट करून घेतेय." आणि आत जाऊन तिनं सही केली. हात थरथरला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

पैसे आले. सगळ्यांचे आले. ताईनं फोनवर रडून घेतलं. आईनं पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाली, "भरतं की गं पोट!" ज्या वाक्यासाठी एवढा जीव टाकला, ते ऐकून तिला काहीच वाटलं नाही.

गेम गाजला. आणि एका दुपारी कानसेन तिच्या घराखाली आला. नवी नोकरी लागलेली, अंगावर नवा शर्ट. दोघं कोपऱ्यावरच्या बाकावर बसली. भांडण उरलं नव्हतं. तिला त्याचा राग येईना, आणि खरं सांगायचं तर तो अजून आवडतही होता. म्हणूनच त्यानं ते वाक्य मागितलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही.

"एकदा म्हण ना," तो म्हणाला. "माइक नाही, कुणी नाही. फक्त मला."

तिलाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता मला कुणाकडून काही नको रे. तू फक्त थांब म्हण. मी थांबते."

सुरेख आलं. 'कुणाकडून'वरचा तो हलका हेलकावा, 'रे'नंतरची ती थबकण, सगळं जागच्या जागी. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दुसरा कुणी असता तर फसला असता, सुखातही राहिला असता. पण हा कानसेन होता.

"छान झालं," तो म्हणाला. "अगदी... गेममधल्यासारखं."

"मी पुन्हा म्हणते, थांब! या वेळी नीट—"

"नको," तो म्हणाला. त्यानं तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि उठून गेला.